असहमतीचं वाटप

आमच्या शाळेने अकरावी-बारावीच्या मुलांना शाळेतच कॉलेजचं क्रेडिट द्यायचं ठरवलं, तेव्हा कॉलेज कोणतं हे अजून ठरलेलं नव्हतं. निर्णय मात्र एकमताने झाला. समोरच्या शाळेने फाटकावर रोबोटिक्सचा भलामोठा फलक लावला होता आणि त्याला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. आम्ही कुवेतमध्ये आहोत, सबाह अल-सालेममध्ये. शाळेचं नाव सांगत नाही, प्रवेश चालू आहेत.

मी विजय, या योजनेचा समन्वयक. समन्वयकाने शिकवायचं नसतं, शिकवणाऱ्यांना बोलावून घ्यायचं असतं. माझा मुलगा नीरज याच शाळेत बारावीला आहे, म्हणजे मी पालकही आहे. त्यामुळे शाळेची बाजू आणि पालकांची बाजू मला घरबसल्या कळते आणि दोन्ही बाजूंना माझं म्हणणं पटतं.

शेवटी कॉलेज मिळालं. परदेशातलं एक विद्यापीठ तयार झालं. ते ज्या गावात आहे ते गाव नकाशात आहे, मी स्वतः बोट ठेवून पाहिलं. क्रेडिटचा प्रकार असा, की पोरगं बारावीतच कॉलेजचा एखादा विषय उरकतं आणि पुढे कॉलेजात गेलं की तो विषय झाला असं धरतात. पालक भलतेच खूश झाले. सगळंच कॉलेज शाळेत उरकता येईल का, असे फोन मला आले.

विद्यापीठाची अट एकच होती. आमच्या शिक्षकांनी कॉलेजसारखं शिकवायचं प्रशिक्षण घ्यायचं. प्रमाणपत्र नसलेला शिक्षक त्या वर्गावर चालणार नाही, आणि बारावीच्या वर्गावर न चालणारा शिक्षक आम्हाला हवा कशाला, असं व्यवस्थापनाने त्यात स्वतःचं एक कलम जोडलं. आमच्या विज्ञान विभागात कसे कोण जाणे, मराठी लोकच जास्त. सगळ्यांनी आपापले नोकरीचे करार काढून पुन्हा वाचले.

सगळ्यात मोठी धास्ती पदार्थविज्ञानाच्या मुनिराबाई परकारांना. बाई दापोलीकडच्या. नवरा यूसुफ इथली नोकरी सुटल्यावर गावी परतलेला, आणि मुलगी इक्रा आमच्याच बारावीत, नीरजच्या वर्गात. इथे राहायची परवानगी, म्हणजे इकामा, बाईंचा शाळेच्या नावावर आणि इक्राचा आईच्या नावावर. बाईंची नोकरी गेली तर ऐन बारावीत मुलीला चंबूगबाळं आवरून निघावं लागणार होतं. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

प्रशिक्षण द्यायला संपदा मॅडम मुंबईहून आल्या. कॉलेजात त्यांनी स्वतः कधी शिकवलेलं नव्हतं, पण कॉलेजात कसं शिकवावं हे त्यांनी अनेक देशांत शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी सभागृहात एसी फुल सोडून त्यांनी सांगितलं, "कॉलेजचा शिक्षक उत्तरं देत नाही. तो चर्चा घडवतो. मुलांनी तुमच्याशी असहमत व्हायला हवं. आणि तुम्हाला अधूनमधून 'मला माहीत नाही, आपण शोधू या' असं म्हणता यायला हवं."

सगळ्या शिक्षकांनी माना खाली घातल्या आणि हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. गणिताच्या स्वप्ना मॅडमनी हात वर केला.

"मॅडम, 'असहमत' नंतर काय म्हणालात? जरा हळू सांगाल का?"

संपदा मॅडमनी हळू सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, यातलं इम्पॉर्टंट कुठलं? दुसऱ्याने विचारलं, हे पेपरला किती मार्कांना येईल? अहो, शिक्षक झाले म्हणून काय झालं, शेवटी तीही आपल्याच शाळांतून शिकलेली माणसं. मुनिराबाई मात्र पेन खाली ठेवून बसल्या होत्या.

"मॅडम, एक विचारू? चर्चा मलाही आवडते. पण मुलाला विषयातलं काहीच येत नसेल, तर तो असहमत कशाशी होणार? आधी थोडं शिकवायला नको का?"

"आपण पॉझिटिव्ह राहू या," संपदा मॅडम म्हणाल्या.

"मी पॉझिटिव्हच आहे. मला फक्त तुमचं म्हणणं पटलं नाही."

संपदा मॅडमनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. 'चिकित्सक विचार म्हणजे काय? तो करण्याचे फायदे लिहा.' सगळ्यांनी चिकित्सक विचाराचे फायदे पाठ करून सारखेच लिहिले आणि सगळे पास झाले. मुनिराबाईंच्या निकालावर शेरा आला: 'चिकित्सक विचार: असमाधानकारक. प्रशिक्षकांचे म्हणणे स्वीकारण्यात अडचण.' त्यांना प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर विद्यापीठाचे पाहुणे येऊन त्यांचा तास बघतील आणि मग कायमचं काय ते ठरेल, असं सांगण्यात आलं.

आता काम माझ्याकडे आलं. पाहुणे तास बघणार म्हणजे वर्गात असहमती दिसायला पाहिजे, आणि ती आयत्या वेळी कुठून आणणार? मुलं लहानपणापासून आमच्याच शाळेत वाढलेली. बाई म्हणाल्या सूर्य पश्चिमेला उगवतो, तर ती अधोरेखित करून घेतील. म्हणून मी प्रत्येक विषयाच्या असहमती लिहून काढल्या आणि हजेरीच्या क्रमाने वर्गात वाटल्या. अमक्याने उठून 'मी या मताशी सहमत नाही' म्हणायचं, तमक्याने 'पण मॅम, याला दुसरी बाजू आहे' म्हणायचं. दुसरी बाजू खाली छापलेली होती. दोन मुलांना शंका दिल्या. अगदीच बोलता न येणाऱ्यांना विचारमग्न बसायचं काम दिलं.

वाटप झाल्याच्या संध्याकाळपासून माझा फोन खणखणायला लागला. प्रेमाताई, ज्या इथल्या एका इस्पितळात नर्स आहेत, ड्युटीवरूनच बोलत होत्या.

"सर, आमच्या मुलीला नुसतं 'दुसरी बाजू आहे' एवढंच दिलंत. आणि तुमच्या नीरजला अख्खी असहमती. हे बरोबर आहे का?"

"प्रेमाताई, हजेरी क्रमांकाप्रमाणे आलंय हो."

"मग पुढच्या तासाला तिला मोठी द्या. आम्हीही फी तेवढीच भरतो."

महिन्याभरात हवल्ली भागात असहमतीची शिकवणी सुरू झाली. भिंतीवर कागद लागले, 'असहमत व्हा, आत्मविश्वासाने. मर्यादित जागा.' तिथे शिकवणारे गृहस्थ पूर्वी पाढे शिकवायचे. मुलं संध्याकाळी तिथे जाऊन एका सुरात असहमत व्हायला लागली. घरी मात्र असहमती चालणार नाही, ती फक्त तासापुरती आहे, हे पालकांनी मुलांना नीट बजावलं.

'माहीत नाही'चं काम त्याहून नाजूक होतं. शिक्षकाने प्रत्येक तासाला एकदा 'मला माहीत नाही' म्हणावं असा नियम. पण एखादा शिक्षक खरंच माहीत नसल्यामुळे तसं म्हणाला तर केवढी पंचाईत! म्हणून मी परिपत्रक काढलं. ज्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाला पक्कं माहीत आहे, अशाच प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणावं. म्हणण्याची जागा पाठटाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, लाल शाईने दाखवावी. उत्तर मागे जोडावं. हे परिपत्रक विद्यापीठाला इतकं आवडलं, की त्यांनी ते इतर देशांतही पाठवलं म्हणतात.

मुनिराबाई एकदा माझ्या केबिनमध्ये आल्या. मला वाटलं, आता भांडणार. त्या खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत.

"सर, तुम्ही लिहून दिलंय तसं सगळं करते. पाठ करते. मला यात पुढारीपण करायचं नाही. इक्राची बारावी एवढी होऊ दे, मग मला कुठेही पाठवा."

"तसंच करा बाई. यात वाईट काय आहे?"

"वाईट वाटतं, एवढंच," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सुट्टी संपली आणि पाहुणे आले. उंच, हसतमुख गृहस्थ. आमच्या चहाचं फार कौतुक केलं त्यांनी. स्वप्ना मॅडमचा तास तर असा झाला की डोळ्यांचं पारणं फिटलं. मुलं एकामागून एक असहमत झाली, कुठेही अडखळली नाहीत, आणि मॅडम नेमक्या जागी म्हणाल्या, "मला माहीत नाही, आपण शोधू या!" पोरांनी तत्क्षणी शोधलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मुनिराबाईंचा तास. विषय उष्णता. मी मागच्या बाकावर पाहुण्यांशेजारी बसलो होतो. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. दोन असहमती झाल्या. प्रेमाताईंच्या मुलीने दुसरी बाजू मांडली. इक्रा पहिल्या बाकावर आईकडे न बघता बसली होती. आता पाळी नीरजची. तो उठला आणि त्याने कागद बाकावर पालथा ठेवला.

"मॅम, आय हॅव अ रिअल क्वेश्चन," कारटं म्हणालं. "आपल्याकडे उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाही गरम पाणी येतं. गच्चीवरची टाकी तापते, ओके. पण मी पहाटे पाहिलं, सूर्य नसतो, तरी पाणी चटका बसेल इतकं गरम. रात्रभर ते थंड का नाही होत?"

कुवेतमध्ये हे कोणाला सांगायला नको. मे महिन्यापासून आम्ही गीझर बंद करतो आणि त्यातच पाणी गार व्हायला ठेवतो. गार पाणी हवं तर गरम नळ सोडायचा, अशी इथली रीत. इतकी वर्षं राहतोय, पण असं का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला कामं असतात.

"रात्री हवाही गरमच असते, म्हणून—" बाईंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. फळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. काहीही ठोकून द्यायला काय हरकत होती? पदार्थविज्ञानाच्या बाईंनी ठोकून दिलेलं कोण तपासणार? मी मागून मान हलवून खुणावलंसुद्धा.

"पण हवा तर टाकीइतकी गरम नसते," त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या. "मग इतकं गरम राहायला नको. मला माहीत नाही, नीरज. खरंच माहीत नाही."

लाल शाईची जागा अजून यायची होती हो! मी कपाळाला हात लावला. आणि मग जे झालं ते मी माझ्या नोकरीत कधी पाहिलेलं नाही. एक मुलगी म्हणाली, पाणी टाकीत नाही, जमिनीखालच्या पाइपातच तापत असेल. दुसरा म्हणाला, शक्यच नाही, आमच्या बिल्डिंगला पाइप सावलीत आहेत. कुणी म्हणालं टाकी फायबरची की पत्र्याची ते बघायला पाहिजे. इक्रा उठली आणि म्हणाली, "अम्मी, सॉरी, मॅम, तुम्ही चुकताय. हवा किती गरम असते हे आपण मोजलंच नाहीये." बाई म्हणाल्या, "बरोबर. नाही मोजलं." पोरं जागा सोडून फळ्याशी आली आणि भांडायला लागली. ज्यांना विचारमग्न बसायचं काम दिलं होतं तीही ओरडत होती. बाई मधोमध उभ्या राहून हसत होत्या. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

पाहुण्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "अतिशय खरं वाटलं. सराव कोणी करून घेतला?"

मी खोटं बोलत नाही. "कोणीच नाही," म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पाठटाचण उलटसुलट करून पाहिलं. 'माहीत नाही' चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या प्रश्नाला, आणि मागे उत्तर जोडलेलं नाही. नियोजनाशिवाय घडलेल्या शिक्षणाला क्रेडिट देण्याची त्यांच्या पद्धतीत सोय नव्हती, आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. चांगला माणूस होता. आपल्या हातून कोणाचं नुकसान नको म्हणून त्यांनी निर्णय आमच्यावर सोपवला. अशा प्रसंगी शाळेने पालकांचं मत घ्यावं आणि पालकांचा विश्वास असेल तर प्रमाणपत्र कायम करावं, असं ते सांगून गेले. म्हणजे मुनिराबाईंची नोकरी आणि इक्राची बारावी आता आम्हा पालकांच्या हातात आली.

सभा भरेपर्यंत प्रकरण आणखी चिघळलं. पोरं बिल्डिंगांच्या गच्च्यांवर चढायला लागली. हारिस, म्हणजे बिल्डिंगचे राखणदार, मालकांकडे तक्रारी करायला लागले. प्रेमाताईंच्या इस्पितळाच्या बॅगेतून ताप मोजायचं यंत्र गायब झालं आणि पाण्याच्या टाकीत सापडलं. नीरज, ज्याला उठवायला आम्हाला रोज नाकी नऊ यायचे, तो अंधारात आपणहून उठून बादली भरायला लागला. बायको घाबरली. मुलगा मोबाइलला हात लावत नाही, जेवताना टाक्यांबद्दल बोलतो, हे काही बरं लक्षण नव्हे.

सभेत सगळे पालक बाईंशी फार आदराने बोलले, हे मी मुद्दाम सांगतो.

"मॅडम, तुम्ही माणूस म्हणून किती चांगल्या आहात, त्याबद्दल प्रश्नच नाही," प्रेमाताई म्हणाल्या. "पण बाईंनाच माहीत नसेल तर मुलीने जायचं कुठे?"

"एवढंच सांगा," मागून एक गृहस्थ म्हणाले, "आता तरी उत्तर मिळालं का?"

बाई उभ्या राहिल्या. एक अक्षर तयार करून आल्या नव्हत्या.

"थोडं थोडं कळतंय. पण मुलांनी आणलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आणखी मोजावं लागेल."

सभागृहात कुजबुज झाली. आणखी! तेव्हाही त्या 'मिळालं' म्हणाल्या असत्या, काहीही सांगितलं असतं, तर मी स्वतः टाळी वाजवली असती. बाईंना वाचवण्याची प्रत्येकाची इच्छा होती, पण बाईंनी कुणाला जागाच ठेवली नाही. प्राचार्यांनी विचारलं, विश्वास नाही असं कोणाकोणाला वाटतं? हात वर झाले. मी आधी पालक म्हणून हात वर केला आणि मग समन्वयक म्हणून वर झालेल्या हातांची नोंद केली. विरोधात एकही हात नव्हता. सगळी चर्चा अगदी एकमताने पार पडली.

निघायच्या आधी बाई नोकरी सोडल्याच्या कागदावर माझी सही घ्यायला आल्या. प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मला खरंच कसंतरी होत होतं, म्हणून मी विचारलं, "इक्राचं कसं करताय?"

"बोर्डाचा फॉर्म इथून भरलाय. गावी जाऊन आता कुठली शाळा घेणार? वर्ष जाईल तिचं."

"हुशार आहे हो. भरून काढेल."

"ती माझ्याशी बोलत नाही सर. म्हणते, अम्मी, एक खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुमच्याकडे बोलायला शब्द असतात. तुम्हीच सांगा, तिला मी काय सांगू?"

मी सही केली. मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा आमचा माणूस, बाहेर थांबलाच होता. इकामे दोन्ही एकदमच रद्द झाले, तेवढा एक फेरा वाचला. आता पदार्थविज्ञानही स्वप्ना मॅडमच घेतात. त्यांना सगळं माहीत असतं. योजना इतकी यशस्वी झाली आहे, की पुढच्या वर्षापासून आम्ही नववीपासून क्रेडिट देणार आहोत.

परवा जेवताना नीरजने मला विचारलं, "बाबा, तुम्हाला माहितीये का? रात्री टाकी का थंड होत नाही ते?"

"अरे, वाळवंट आहे हे," मी म्हणालो. "वाळवंटात असंच असतं."

आता भांडेल असं वाटलं. पण "ओके" म्हणाला आणि मोबाइल उचलला. पहाटे आता त्याला पुन्हा उठवावं लागतं. घर पूर्वीसारखं शांत झालंय.

तुम्ही आता मान हलवताय, मला दिसतंय. काय माणसं असतात, म्हणताय. म्हणा. पण तुमच्या पोराने शेवटचा असा काही प्रश्न विचारला, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? 'माहीत नाही' म्हणालात? की त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढलीत?